वाचणाऱ्याचा फोन

पटकन लिहिता यावं, लगेच दुसऱ्याला देता यावं आणि बाकी कसलीही कटकट नसावी. एवढीच अपेक्षा ठेवून टिपणांचं ॲप शोधायला बसलं की अख्खी संध्याकाळ जाते. ॲपना तोटा नाही, आणि प्रत्येकाच्या वर्णनात ‘साधं, सोपं, झटपट’ हे शब्द असतातच. या शोधात सगळे जण लिहिणाऱ्याची सोय पाहतात आणि वाचणाऱ्याची विसरतात, असं माझं मत आहे. ते पक्कं झालं एका मावशी-भाचीच्या वादातून.

भाची पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या एकांकिकेची सहायक दिग्दर्शक आहे. तालमीत दिग्दर्शक जे बोलतो ते टिपायचं आणि कलाकारांपासून नेपथ्य करणाऱ्या सुतारदादांपर्यंत सगळ्यांकडे पोचवायचं, हे तिचं काम. मावशीचा डीटीपीचा व्यवसाय आहे. ऑफिस सुटलं की ती प्रायोगिक नाटकांचं रंगमंच-व्यवस्थापन करते, म्हणजे असलीच टिपणं तिने वर्षानुवर्षं सांभाळली आहेत. दोघींना वाद घालता येतो. मध्ये जिथे राहवलं नाही तिथे मीही तोंड घातलं आहे.

भाची: मावशी, माझं ठरलंय. गूगल कीप. होम स्क्रीनवर चौकोन ठेवलाय, त्यावर बोट टेकवलं की कोरं पान समोर. दिग्दर्शक ‘थांब, इथे दोन पावलं मागे’ म्हणेपर्यंत माझी ओळ लिहून झालेली असते. फोल्डर कुठला, शीर्षक काय, काही विचारत नाही. परत नेट नसलं तरी चालतं. तालमीच्या हॉलमध्ये रेंज कुठे असते?

मावशी: लिहायला चांगलंच आहे ते. अंधारात बसून लिहायचं तर मीही तेच उघडते. पण लिहिलंस ते देणार कसं?

भाची: त्यातच सोय आहे. समोरच्याचा ईमेल घालायचा, की टिपण त्याच्या फोनवर. ही प्रॉपर्टीची यादी बघ. कंदील, पितळी तांब्या, फाटकी छत्री, काळा टेलिफोन, दोन ट्रंका. प्रत्येकापुढे चौकोन. ज्याने वस्तू आणली त्याने खूण केली की ती ओळ खाली जाते. वर फक्त राहिलेल्या वस्तू उरतात. फोन करून ‘छत्रीचं काय झालं रे?’ विचारायला नको.

मावशी: यादीसाठी याच्याइतकं सोयीचं मी दुसरं पाहिलं नाही. पण प्रकाशाचे क्यू, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला प्रकाश, तेही असेच देणार आहेस?

भाची: का नको?

मावशी: कीपमध्ये ज्याला टिपण दिलंस त्याला ते बदलताही येतं. नुसतं वाचायला द्यायची सोयच नाही त्यात. वीस-पंचवीस जणांच्या हातात क्यूंचं टिपण, विंगेत घाई, एकाचं बोट चुकून पडलं आणि क्यू सातची ओळ गेली. कुणी घालवली ते शोधत बसणार तू? आणि दुसरी बाजू बघ. टिपण तुझ्या नावावर आहे. तू आवराआवर करताना ते कचऱ्यात टाकलंस तर सगळ्यांकडचं जातं. सात दिवसांत परत काढलं नाहीस तर कायमचं.

भाची: क्यूंचा प्रश्न तिथपर्यंत गेलाच नाही गं. त्याआधीच अडलंय. ईमेल मागितले, अर्ध्याच जणांनी दिले. सुतारदादांना तर त्यांचं जीमेल खातं कुठलं तेच ठाऊक नाही. फोन घेतला तेव्हा दुकानदाराने काहीतरी उघडून दिलं, पासवर्ड त्यालाच माहीत. दिग्दर्शकाचा आयफोन आहे, तो म्हणतो ॲपलच्या नोट्स वापर. त्यात फक्त वाचायला देता येतं हे खरं, पण आमच्यातले बहुतेक सगळे अँड्रॉइडवाले. त्यांच्यासाठी ते ॲपच नाही, ब्राउझरमधून खटपट करावी लागते.

मावशी: म्हणजे बघ. ॲप निवडलं तू, आणि ते चालेल की नाही हे ठरतंय सुतारदादांच्या फोनवर.

या वाक्यासाठीच हा वाद कागदावर उतरवावासा वाटला. एकट्यासाठी टिपणं काढायची असतील तर आपला हात, आपली सवय, आपली आवड एवढं पाहिलं की पुरे. टिपण दुसऱ्याला द्यायचं म्हटलं की निकष बदलतो. सगळ्यांत कमी उत्साही, सगळ्यांत जुना फोन असलेला, नवीन खातं उघडायला साफ नकार देणारा जो माणूस, त्याच्यापर्यंत ते पोचलं पाहिजे. ॲपच्या परीक्षणांत हा माणूस कधीच दिसत नाही. नाटकात मात्र त्याचं काम अडलं तर पडदा वर जात नाही.

भाची: मग सरळ व्हॉट्सॲप. तिथे सगळे आहेत. सुतारदादा तर सकाळी सुप्रभातसुद्धा पाठवतात. आता स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, २०२२ च्या शेवटी ती सोय आली. टिपायचं तिथे आणि तालीम संपली की ग्रुपवर ढकलायचं. ॲप शोधायलाच नको.

मावशी: निरोपाला उत्तम. ‘उद्या तालीम सहाऐवजी सातला’, झालं. पण टिपण बदलत राहतं. मंगळवारी क्यू सातला ॲम्बर होता, गुरुवारी निळा झाला. ग्रुपवर दोन्ही मेसेज शिल्लक. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो, मंगळवारचा मेसेज तू गुरुवारी कसा दुरुस्त करणार? आणि ज्याने मंगळवारी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, तो गुरुवारचा मेसेज उघडतच नाही. त्याला वाटतं आपल्याकडे आहे.

भाची: पिन करीन की.

मावशी: कर. जास्तीत जास्त तीस दिवस राहतो पिन केलेला मेसेज. पण पिन केला तरी तो मंगळवारचाच ना? दर बदलाला जुना काढायचा, नवा लावायचा. आणि मधल्या वेळात वाढदिवसाचे केक.

भाची: मग तू काय करतेस ते सांग ना.

मावशी: लिहायचं एकीकडे, द्यायचं लिंकने. सिंपलनोट नावाचं एक ॲप आहे. २०१३ पासून ऑटोमॅटिक कंपनीकडे आहे, वर्डप्रेस डॉट कॉम चालवणारी तीच. पैसे पडत नाहीत. त्यात चित्र नाही, रंग नाही, नुसता मजकूर. टिपण ‘पब्लिश’ केलं की एक पत्ता मिळतो. तो पत्ता व्हॉट्सॲपवर टाकायचा. समोरच्याने बोट लावलं की त्याच्या ब्राउझरमध्ये साधं पान उघडतं. खातं नको, ॲप नको. त्याला फक्त वाचता येतं, बदलता येत नाही. मी माझ्याकडे दुरुस्ती केली की त्याच पत्त्यावर नवं दिसतं. मंगळवारची लिंक गुरुवारीही चालते.

भाची: हे गूगल डॉक्समध्येही होतं. ‘फक्त वाचा’ अशी लिंक देता येते, आणि कुणी कधी काय बदललं त्याचा इतिहासही राहतो.

मावशी: होतं. संहितेसाठी तेच वापर. पण तालमीत उघडून बघ. फाइल उघडेपर्यंत दिग्दर्शक पुढच्या प्रवेशात गेलेला असतो. आणि छोट्या फोनवर ते पान पानासारखं दिसत नाही, चिमटीने मोठं करत बसावं लागतं.

भाची: बरं, आता माझा मुद्दा. तुझी ती लिंक ज्याच्या हातात पडेल तो वाचणार. ग्रुपमधल्या एकाने दुसऱ्या कॉलेजच्या मित्राला पाठवली तर? शेवटच्या प्रवेशातला धक्का स्पर्धेआधीच बाहेर. माझी रूममेट म्हणते स्टँडर्ड नोट्स घे, त्यात मजकूर आपल्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि कंपनीलाही वाचता येत नाही. सिंपलनोटमध्ये तसलं कुलूप नाही ना?

मावशी: नाही. म्हणून सगळ्यांचे फोन नंबर, कुणाचं आजारपण, पैशांचा हिशोब यातलं काही मी तिथे लिहीत नाही. पण फाटक्या छत्रीला कुलूप कशाला? लपवायचं थोडं असतं आणि दाखवायचं पुष्कळ असतं. त्या दोन्हींना एकच ॲप हवं हा हट्ट कशासाठी? तुझ्या रूममेटला तिची डायरी त्या कुलपात ठेवू दे, योग्यच आहे ते. शेवटच्या प्रवेशाचं म्हणशील तर तो बाहेर पडायला लिंक लागत नाही. चहाच्या टपरीवर बसलेला एक कलाकार पुरतो.

भाची: लपवायचं थोडं असतं म्हणालीस, पण तालमीतलं निम्मं टिपण तसंच असतं. दिग्दर्शकाने काल सांगितलं, ‘ती वाक्याच्या शेवटी आवाज टाकते, तिसऱ्या रांगेत काही ऐकू येत नाही.’ ‘त्याचा राग खोटा वाटतो, नुसत्या भुवया उडवतो.’ हे मी क्यूंच्या खालीच लिहिलंय, कारण त्या क्रमानेच तो बोलला. आता ते पान सगळ्यांना द्यायचं?

मावशी: अजिबात नाही. हे आधी विचारायला हवं होतंस.

भाची: पण दिग्दर्शक नोट्स देतो तेव्हा सगळे गोल करून बसलेलेच असतात. सगळ्यांसमोरच तर बोलतो तो.

मावशी: बोलणं आणि लिहिणं यात फरक आहे. तो बोलतो तेव्हा तिच्याकडे बघून बोलतो. तिचा चेहरा पडला तर आवाज खाली आणतो, हसतो, लगेच तिच्या दुसऱ्या प्रवेशाचं कौतुक करतो. तुझ्या पानावर उरतं फक्त ‘आवाज टाकते.’ ते ती रात्री दोनला खोलीवर एकटी वाचणार. आणि तिला माहीत असणार की बाकीच्यांनीही वाचलंय. कलाकाराच्या नोट्स तोंडी द्याव्यात, हे माझं ठाम मत आहे.

भाची: आणि विसरल्या तर? दर तालमीला तीच नोट, दर वेळी ती म्हणणार ‘हो हो, लक्षात आहे.’ तिला लिहून दिलं तर ती घरी आरशासमोर दहा वेळा ते वाक्य म्हणेल. मी असते तर मला लेखी हवं असतं. सगळ्यांना नको, एकटीला.

मावशी: मग एकटीला दे. तिच्यासाठी वेगळं टिपण. कीपमध्येच, तिचा ईमेल घालून. तिला त्यात लिहिताही येईल, ‘इथे श्वास पुरत नाही’ असं काहीतरी. तिथे बदलता येणं बरंच आहे.

मला या मुद्द्यावर भाची जास्त पटते. तोंडी नोट प्रेमळ असते हे खरं, पण ती घेणाऱ्याला पुन्हा ऐकता येत नाही. मात्र मावशीने केलेली विभागणी सोडू नये. एका तालमीतून तीन प्रकारचा मजकूर निघतो: सगळ्यांनी मिळून खूण करायची यादी, सगळ्यांनी फक्त वाचायचे क्यू आणि एकाच माणसासाठीचं बोलणं. ॲप शोधणारे तिन्ही एका पानावर लिहितात आणि मग वाटण्याची सोय बरोबर नाही म्हणून ॲपला दोष देतात.

मावशी: आता तीन आठवड्यांनंतरचं सांग. अंतिम फेरी झाली. पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणालं, हीच एकांकिका बाहेर करू. टिपणं कुठे असतील?

भाची: कीपमध्येच. कुठे जाणारेत?

मावशी: कीप मार्च २०१३ मध्ये आलं. त्याच्या आठवडाभर आधी गूगलने रीडर बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं, आणि जुलैत ते बंद झालंही. त्याआधी गूगलचंच नोटबुक होतं, २००६ ला आलं, २०१२ ला गेलं. वंडरलिस्ट लोकांना केवढं आवडायचं. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. एव्हरनोट तर २००८ पासून लोकांनी आपली दुसरी स्मृती म्हणून वापरलं. कंपनी दुसऱ्याकडे गेली आणि २०२३ च्या शेवटी फुकट खात्याला पन्नासच टिपणांची मर्यादा आली. जुनी टिपणं काढून घेऊ देतात, पण एक्कावन्नावं लिहायचं तर पैसे भरा.

भाची: पैसे मागितले तर त्यात वाईट काय? चालवायला खर्च येतो.

मावशी: काहीच वाईट नाही. माझं म्हणणं एवढंच की ते त्यांचं घर आहे. सिंपलनोटही त्यांचंच. ते कायम राहील असं मी म्हणत नाही. म्हणून प्रयोग झाला की मी सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवते. ती कुठल्याही यंत्रावर उघडते.

भाची: उघडते? मराठी? मावशी, नोटपॅड १९८५ पासून आहे, पण २०१९ पर्यंत त्यात फाइल जतन करताना आधीची निवड ‘ॲन्सी’ असायची. मराठी लिहून, सूचना न वाचता ‘ओके’ दाबलं की सगळी अक्षरं जाऊन प्रश्नचिन्हं. इंग्रजीवाल्यांची साधी फाइल साधी होती. आपली नव्हती.

मावशी: ते मला शिकवू नकोस, मी डीटीपीवाली आहे. त्याच्याही आधीचं सांगते. युनिकोड रुळायच्या आधी जे फाँट होते, त्यांत ‘क’ म्हणजे आत कुठलं तरी रोमन अक्षर असायचं, वर मराठी मुखवटा. फाँट गेला की मुखवटा गेला. त्या काळच्या संहिता माझ्या सीडीवर आहेत. उघडल्या की रोमन अक्षरांचा चिवडा. परिवर्तक लावून बऱ्याचशा परत आल्या, पण रफार आणि जोडाक्षरं हाताने दुरुस्त करावी लागली. म्हणूनच म्हणते, युटीएफ-८ मध्ये जतन कर. आता नोटपॅडही तेच आपणहून करतं.

भाची: ठीक आहे, उतरवून ठेवीन. पण मग शोधायचं कसं? कीपमध्ये शोध आहे.

मावशी: शोध? ‘ॲम्बर’ शोधून बघ.

भाची: थांब… दोनच आले. मी तर पाच-सहा ठिकाणी लिहिलंय.

मावशी: फोनवर लिहिलंस तेव्हा ‘ॲ’ हे एकसंध अक्षर आलं. युनिकोडने ते स्वतंत्रपणे २००८ मध्ये घेतलं. लॅपटॉपवर तुझा जुना कळफलक आहे, तो ‘अ’ लिहितो आणि त्यावर चंद्र बसवतो. डोळ्याला एकच दिसतं, यंत्राला दोन वेगळी. ‘दुसऱ्या प्रवेशात’ मधला ‘ऱ्या’ असाच दोन तऱ्हांनी लिहिला जातो. आणि क्यूचे आकडे तू कुठे देवनागरीत लिहिलेस, कुठे रोमनमध्ये. सगळी ॲप हे फरक सांभाळून घेत नाहीत.

भाची: हे कुठल्याच परीक्षणात लिहिलेलं नसतं.

मावशी: परीक्षणं इंग्रजी टिपणं काढणाऱ्यांनी लिहिलेली असतात. तू फार काही करू नकोस. एकाच कळफलकावरून लिही, आकडे एकाच लिपीत ठेव, आणि ज्या शब्दाने शोधणार तो टिपणाच्या पहिल्या ओळीत असू दे. तारीख आणि प्रवेश. ‘गुरुवार, प्रवेश दोन, प्रकाश.’ एवढ्यावर सापडतं.

मराठीत टिपणं काढणाऱ्याने नवं ॲप घेताना सगळ्यांत आधी हीच परीक्षा करावी असं मला वाटतं. एक टिपण फोनवर, दुसरं संगणकावर, दोन्हींत ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲ’ असलेला एखादा शब्द, आणि मग शोध. त्यानंतर ती दोन्ही टिपणं बाहेर काढून पाहावी. कीपची गूगल टेकआउटमधून काढता येतात, एचटीएमएल आणि जेसन अशा दोन रूपांत. एचटीएमएल ब्राउझरमध्ये उघडून निवांत वाचता येतं. ज्या ॲपमधून बाहेरची वाट सापडत नाही, ते कितीही झटपट असलं तरी मी त्यात संहितेची एक ओळसुद्धा ठेवणार नाही.

भाची: म्हणजे आता माझं असं. प्रॉपर्टीची यादी कीपमध्ये, ईमेल दिलेल्यांपैकी पाच-सहा जणांपुरती. कारण वस्तू तेच आणणार आहेत. क्यू आणि नेपथ्याचा क्रम तुझ्या त्या लिंकवर. संहिता डॉक्समध्ये. निरोप व्हॉट्सॲपवर. तू एक साधं ॲप शोधायला मदत करणार होतीस, चार झाली.

मावशी: सुतारदादांना किती लागतात?

भाची: एकच. व्हॉट्सॲपवरची लिंक.

मावशी: मग झालं की. चार सांभाळायला तू आहेस, सहायक दिग्दर्शक. आणि लिंक पाठवलीस तर त्यांच्या फोनवर उघडून बघ आधी. ओळी आखूड ठेव. ‘ब्लॅकआउट. ट्रंका आत. खुर्ची डावीकडे.’ एका ओळीत एकच हालचाल. विंगेत चष्मा लावायला वेळ नसतो त्यांना.

भाची: आणि प्रयोगानंतर सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून तुला मेल करीन.

मावशी: मला एकटीला नको. ग्रुपमधल्या आणखी एकीला पाठव. आणि त्या मुलीबद्दलचं, आवाजाचं, ते त्या फाइलमध्ये घालू नकोस. तिच्यासाठी केलेलं टिपण प्रयोगानंतर पुसून टाक.

भाची: पुसणार नाही. ते तिचंही आहे. पुढच्या वर्षी ती तेच काम करणार असेल तर तिला हवं असेल.

मावशी: तुझ्या नावावरचं टिपण आहे. तू पुसलंस तर तिच्याकडचंही जाईल, ठेवलंस तर तुझ्याकडेही राहील.

भाची: म्हणून तिलाच विचारीन. हवं म्हणाली तर आधी प्रत तिच्याकडे देईन आणि मग माझ्याकडचं काढीन.

मावशी: विचार. पण प्रयोग झाल्यावर. आधी विचारलंस तर रंगीत तालमीत ती तेच डोक्यात घेऊन उभी राहील.